कितीचा झाला?

भोसरी एमआयडीसीत कुठल्याही कंपनीचा पगारवाढीचा करार झाला की संध्याकाळपर्यंत चहाच्या टपरीवर एकच प्रश्न फिरतो: "कितीचा झाला?" उत्तरही एका आकड्यात येतं, महिन्याचा पगार किती वाढला तो. नऊ हजारांचा. चौदाचा. साडेअकराचा. मग विचारणारा आपल्या कंपनीचा आकडा सांगतो, आणि ज्याचा मोठा तो खूश होऊन घरी जातो. मी नऊ वर्षं आमच्या युनियनच्या करार कमिटीत आहे. तीन करारांच्या बैठकांना बसले, चौथ्याचं मागणीपत्र सध्या लिहितोय. या नऊ वर्षांत जे काही शिकले, ते या एका आकड्याच्या पोटात काय काय असतं ते उघडून बघायला शिकले. यंदा कमिटीत चार नवी माणसं आली आहेत. त्यांच्याशी बोलता बोलता लक्षात आलं की हे कुणीतरी लिहून ठेवायला हवं, म्हणून बसले.

मी असेंब्लीत आहे. इलेक्ट्रिकल स्विचचे भाग जोडायचं काम, २००२ पासून. आमच्याकडे कायम कामगार एकशे ऐंशी, त्यात आम्ही बायका चाळीस. २०१७ साली मला कमिटीत पाठवलं ते बसच्या कारणावरून. पहिल्या शिफ्टची बस दिघीला मॅगझिन चौकापर्यंतच यायची. आमच्यातल्या दहा-बारा जणी चऱ्होली फाट्याच्या बाजूला राहायच्या. त्यांना पहाटे अंधारात पायी चौकापर्यंत यावं लागायचं, थंडीत, पावसात, कुत्री मागे लागायची. "कमिटीत एक बाई असल्याशिवाय हे बसचं कुणी बोलणार नाही," असं ठरलं आणि सगळ्यांनी माझं नाव दिलं.

आमचे सल्लागार अण्णा. स्वतः चाळीस वर्षं मशीनवर काढलेला माणूस. त्यांनी पहिल्याच दिवशी दोनशे पानी वही माझ्या हातात दिली. म्हणाले, "बोलणारे पुष्कळ आहेत पोरी, लिहिणारं कुणी नाही. कोण काय म्हणालं, किती वाजता म्हणालं, कोण गप्प बसलं, सगळं लिही." मला वाटलं, बाई म्हणून कारकुनीचं काम दिलं. राग आला होता. चौथ्या बैठकीत एचआरचे साहेब म्हणाले, "कॅन्टीनच्या दराबद्दल आम्ही कधी हो म्हटलं?" अण्णांनी माझ्याकडे फक्त बघितलं. मी वही उघडून तारीख, वेळ आणि साहेबांचं वाक्य जसंच्या तसं वाचलं. खोलीत शांतता झाली. साहेबांनी चष्मा काढून पुसला आणि म्हणाले, "ठीक आहे, पुढचा मुद्दा." कॅन्टीनचा दर तीन वर्षं वाढला नाही. त्या दिवसापासून माझी वही मी कुणाला देत नाही. आता सातवी चालू आहे.

तो २०१७ चा करार नऊ हजार दोनशे रुपयांचा झाला. रात्री साडेनऊला सह्या झाल्या, गेटवर गुलाल उडाला, पेढे वाटले, पोरांनी फटाके लावले. घरी गेले तर सासूबाईंनी ओवाळलं. बसचंही कलम आलं होतं: "कंपनी शक्यतो पहिल्या शिफ्टची बस चऱ्होली फाट्यापर्यंत सोडेल." मला तेव्हा ते कलम वाचताना काहीच खटकलं नाही. चऱ्होली फाटा हे शब्द छापून आलेत याचाच आनंद होता. बस पहिले दोन महिने आली. नंतर गाडी बिघडली, ड्रायव्हर बदलला, डिझेल वाढलं. तक्रार केली की कलमाकडे बोट दाखवायचे, शक्यतो म्हटलंय ना. मग परत मॅगझिन चौक.

पण त्या करारातली खरी चूक मला कळायला २०२० चा फेब्रुवारी उजाडावा लागला. आमच्या सेक्शनच्या सगळ्यांत मोठ्या बाई, आम्ही त्यांना माई म्हणायचो, एकतीस वर्षांची नोकरी करून रिटायर झाल्या. निरोप समारंभ झाला, साडी, नारळ, भिंतीवरचं घड्याळ. आठ दिवसांनी त्या ग्रॅच्युइटीचा हिशेबाचा कागद घेऊन युनियन ऑफिसला आल्या. म्हणाल्या, "अगं, माझा पगार एवढा आणि ग्रॅच्युइटी एवढीच कशी? बघ की जरा, चुकलं असेल."

चुकलं नव्हतं. ग्रॅच्युइटीचं गणित कायद्यात ठरलेलं आहे: शेवटचं बेसिक, म्हणजे मूळ पगार, आणि महागाई भत्ता यांना पंधराने गुणायचं, सव्वीसने भागायचं, आणि नोकरीच्या वर्षांनी गुणायचं. बाकीचे भत्ते त्यात येत नाहीत. आमचे नऊ हजार दोनशे कसे वाटले होते ते मी वहीत बघितलं. बेसिक दीड हजार. स्पेशल अलाउन्स चार हजार. घरभाडं सतराशे, मुलांचं शिक्षण आठशे, प्रवास हजार, धुलाई दोनशे. म्हणजे नऊ हजार दोनशेपैकी फक्त दीड हजार माईंच्या ग्रॅच्युइटीपर्यंत पोचले होते. मी तिथेच मोजलं. स्पेशल आणि प्रवास हे पाच हजार जर बेसिकमध्ये असते, तर पाच हजार गुणिले पंधरा, भागिले सव्वीस, गुणिले एकतीस. एकोणनव्वद हजार चारशे तेवीस रुपये. कॅल्क्युलेटरवर तो आकडा तसाच ठेवून मी गप्प बसले. माईंनी विचारलं, "किती येतंय?" मी सांगितलं. त्यांनी कागदाची चौकोनी घडी घातली, पाकिटात ठेवली आणि म्हणाल्या, "बरं बाई. पुढच्यांचं तरी बघा." त्या रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. गुलाल उडाला त्या रात्री माईंनीच मला पहिला पेढा भरवला होता.

त्यानंतर मी हे सगळं मुळापासून शिकायला बसले. लॉकडाऊनमध्ये कंपनी बंद होती, वेळ होता. अण्णांना फोन करून करून भंडावून सोडलं. मालकाला वाढ भत्त्यात का द्यायची असते, हे तेव्हा कळलं. बेसिकमध्ये शंभर रुपये दिले की त्यावर बारा टक्के प्रॉव्हिडंट फंड, वर ग्रॅच्युइटीची तरतूद, ती साधारण चार पूर्णांक एक्याऐंशी टक्के. शंभराचे एकशे सतरा होतात, रजेचे पैसे वेगळे. भत्त्यात दिले तर बऱ्याचदा शंभराचे शंभरच. समोरच्या टेबलावर बसलेला माणूस वाईट आहे म्हणून असं करत नाही. त्याला वरून एक आकडा मिळालेला असतो, एकूण खर्च एवढाच झाला पाहिजे. त्या आकड्यात आपल्याला जास्तीत जास्त हजार दाखवायचे असतील तर भत्ता हाच मार्ग. आणि आपण गेटवर जाऊन "किती हजार" हेच विचारतो, म्हणून त्यालाही ते सोयीचं पडतं.

(सध्या यात मोठा बदल झालाय. २१ नोव्हेंबर २०२५ पासून चार कामगार संहिता लागू झाल्या. त्यात वेतनाची व्याख्या अशी आहे की वगळलेले भत्ते एकूण मोबदल्याच्या निम्म्याच्या वर गेले, तर वरचा भाग वेतनातच धरायचा. माई आज रिटायर झाल्या असत्या तर हिशेब वेगळा मांडावा लागला असता. वाटाघाटी कुणाशी करायच्या याचाही नियम आला आहे: एकापेक्षा जास्त संघटना असतील तर ज्या संघटनेकडे ५१ टक्के कामगार सभासद असतील ती एकटी बोलणार. आमच्या महाराष्ट्राच्या १९७१ च्या कायद्यात संघटनेला मान्यता मिळायला तीस टक्के सभासद लागायचे. नव्या लोकांनी दोन्ही वाचून ठेवा.)

दुसरा करार २०२० च्या दिवाळीनंतर सुरू झाला. मास्क लावून, खिडक्या उघड्या ठेवून बसायचो. एकमेकांचे चेहरे दिसत नव्हते, त्यामुळे समोरचा खरंच नाही म्हणतोय की म्हणायचं म्हणून म्हणतोय, ते कळायचं नाही. त्या करारात आम्ही आकडा फार ताणला नाही, कामच कमी होतं. पण बेसिकचा हिस्सा निम्म्यावर नेला. आणि एक गोष्ट मी पकडली, ती सविस्तर सांगते, कारण अशी गोष्ट पुन्हा येऊ शकते.

आमचा महागाई भत्ता औद्योगिक कामगारांच्या ग्राहक किंमत निर्देशांकाला जोडलेला आहे, अखिल भारतीय. दर पॉइंटला तीन रुपये. हा निर्देशांक सिमल्याचा लेबर ब्युरो काढतो. २००१ हे वर्ष शंभर धरून तो मोजला जायचा. सप्टेंबर २०२० पासून २०१६ हे वर्ष शंभर धरायला सुरुवात झाली. जुन्या आणि नव्या आकड्यांची सांगड घालायला जोडगुणक दिला, २.८८. म्हणजे नवा एक पॉइंट वाढला की जुन्या हिशेबाने २.८८ पॉइंट वाढले. मसुदा आला त्यात लिहिलं होतं: "महागाई भत्ता प्रति पॉइंट ३ रुपये दराने, प्रचलित निर्देशांकानुसार." तीन रुपये तेच. वाक्य जवळपास जुन्यासारखंच. "प्रचलित" एवढा एक शब्द नवा.

मी रात्री स्वयंपाकघरात बसून तो मसुदा वाचत होते. मुलगी बारावीचा अभ्यास करत समोर होती. तिला म्हटलं, नवे दहा पॉइंट वाढले तर किती? तिने सांगितलं, तीस रुपये. आणि जुन्या मोजणीने दहा गुणिले २.८८, अठ्ठावीस पूर्णांक आठ पॉइंट, गुणिले तीन? शहाऐंशी रुपये चाळीस पैसे. तेवढीच महागाई, तेवढंच तेल, तेवढीच डाळ, आणि हातात येणार तीस. एका शब्दाने भत्ता एक तृतीयांशावर येत होता, दर महिन्याला, एकशे ऐंशी लोकांचा. मी रात्री साडेअकराला अण्णांना फोन केला. ते झोपले होते. ऐकून घेतलं, मला तीनदा सांगायला लावलं, आणि म्हणाले, "सकाळी तूच मांडायचं. मी बोलणार नाही."

दुसऱ्या दिवशी मी मांडलं. आवाज कापत होता. एचआरच्या साहेबांनी अकाउंट्सच्या माणसाला बोलावलं, त्याने लॅपटॉपवर करून बघितलं आणि मान हलवली. मला आजही वाटतं, त्यांनी ते मुद्दाम केलं नव्हतं. कुणीतरी जुना मसुदा उचलून तारखा बदलल्या होत्या. पण मुद्दाम केलेलं असो वा नसो, सही झाली असती तर तीन वर्षं तेच मिळालं असतं. शेवटी कलमात "मूळ वर्ष २००१ = १००, नवीन मालिकेचा आकडा २.८८ ने गुणून" असं स्पष्ट आलं. तुमचा भत्ता पुणे केंद्राच्या निर्देशांकाला जोडलेला असेल तर गुणक वेगळा असतो, प्रत्येक केंद्राचा आपापला. तो शोधून कलमात आकड्यात लिहून घ्या.

नोटिशीबद्दलही दोन ओळी. कराराची मुदत ३१ मार्चला संपते म्हणून जुना करार १ एप्रिलला आपोआप संपतो, असं बऱ्याच जणांना वाटतं. १९४७ च्या कायद्याप्रमाणे तसं नव्हतं. एका पक्षाने लेखी नोटीस द्यायची, आणि त्यानंतर दोन महिने जुना करार बांधून ठेवायचा. म्हणून मागणीपत्राच्या आधी नोटिशीची पोच घ्या, शिक्क्यासकट. आणि सही कुठे करायची, यावर अण्णांचा हट्ट असायचा: वाकडेवाडीला, कामगार आयुक्तांच्या कार्यालयात, सरकारी कामगार अधिकाऱ्यांसमोर. दोघांनी आपसात केलेला करार सही करणाऱ्यांपुरता. अधिकाऱ्यांसमोर समेटात झालेला करार कंपनीच्या पटावरच्या सगळ्यांना लागू, सभासद असो नसो, उद्या भरती होणारा असो. त्या बाकड्यांवर मी किती दुपारी काढल्या असतील, मोजदाद नाही.

संपाचं विचाराल, तर आमच्यात ते बोलणं प्रत्येक करारात एकदा निघतंच. १९८९ साली टेल्कोच्या (आताची टाटा मोटर्स) कामगारांनी राजन नायर यांच्या नेतृत्वाखाली शनिवारवाड्यावर उपोषण केलं, तेव्हा मी आठ वर्षांची होते. बाबा पिंपरीतल्या दुसऱ्या कारखान्यात होते. शिफ्ट सुटली की सायकलवरून तिथे जाऊन यायचे आणि आईला हळू आवाजात सांगायचे. शेवटी पोलिसांनी उपोषण करणाऱ्यांना तिथून उचललं. त्या रात्री बाबा जेवले नाहीत, एवढं मला आठवतं. २०१३ मध्ये चाकणला बजाज ऑटोचा संप पन्नास दिवस चालला. कंपनीचे शेअर एक रुपयाला द्या, अशीही एक मागणी होती. पन्नासाव्या दिवशी संप मागे घ्यावा लागला. आमच्या गेटवर कुणी "संप करू" म्हणालं की मी विरोध करत नाही. तो आपला हक्क आहे आणि तो सोडून दिला तर टेबलावर आपलं कुणी ऐकणार नाही. पण चौदा दिवसांची नोटीस द्यावी लागते, ते चौदा दिवस मी हिशेबाला वापरते. घरोघरी किती दिवसांचं रेशन आहे, कुणाचा गृहकर्जाचा हप्ता किती तारखेला जातो, कुणाच्या घरी लग्न आहे. २०२३ मध्ये हा हिशेब मी एकशे ऐंशी घरांचा काढला होता. बावीस दिवस निघत होते. कमिटीला सांगितलं, बावीस दिवसांच्या पलीकडे आपल्याला जाता येणार नाही, आता काय ते बोला. मग आम्ही संपाची नोटीस दिली नाही, उत्पादनाच्या कलमावर जोर दिला.

ते उत्पादनाचं कलम माझ्या सगळ्यांत जवळचं. २०२३ मध्ये कंपनीने मागितलं होतं की शिफ्टला चारशे वीस पीसऐवजी चारशे सत्तर द्या. गाड्यांच्या कंपन्या दरवर्षी आमच्या मालकाकडे किंमत कमी करून मागतात, हे खरं आहे. मी ते खोटं मानत नाही. पण चारशे सत्तर म्हणजे बोटांची वाट लागली असती. आमच्या कमिटीतली पुरुष मंडळी म्हणाली, सरळ नाही म्हणायचं. मी म्हटलं, आठ दिवस द्या.

आठ दिवस मी मोबाईलच्या स्टॉपवॉचवर नोंद ठेवली. आमची शिफ्ट सात ते साडेतीन. जेवण आणि दोन चहा वजा जाता साडेचारशे मिनिटं काम. त्यात मोल्डिंग विभागाकडून भागांचे ट्रे येण्याची वाट बघत आम्ही हात बांधून किती वेळ बसतो, ते रोज लिहिलं. सरासरी सव्वीस मिनिटं निघाली. म्हणजे चारशे वीस पीस आम्ही प्रत्यक्षात चारशे चोवीस मिनिटांत काढत होतो, पीसला साधारण साडेसाठ सेकंद. ट्रे वेळेवर आले तर त्याच वेगाने, एकही बोट जास्त न हलवता, साडेचारशे मिनिटांत चारशे पंचेचाळीस होतात. तो कागद घेऊन मी बैठकीला गेले. प्लांटच्या साहेबांनी वाचला, परत वाचला, आणि मोल्डिंगच्या सुपरवायझरला तिथेच फोन लावला. मी सांगितलं, "चारशे पंचेचाळीस आम्ही देऊ. ट्रे तुम्ही द्या. ज्या दिवशी ट्रे उशिरा येतील त्या दिवशी जेवढी मिनिटं वाया गेली तेवढे पीस वजा." हे कलम जसंच्या तसं करारात आलं. लाइनच्या शेवटी एक पाटी टांगली आहे, त्यावर आमच्याच पोरी ट्रेची वेळ लिहितात. ते कलम मिळवायला मला कायद्याची एकही ओळ लागली नाही. ज्या बाईने एकवीस वर्षं त्या लाइनवर हात चालवलेत तिला जे माहीत होतं, तेवढंच लागलं. नव्या मंडळींना मी हे पुन्हा पुन्हा सांगते, कारण समोर प्रोजेक्टर आणि इंग्रजी आलं की आपण आपल्याला काहीच येत नाही असं धरून चालतो.

पगाराच्या आकड्यावर मात्र त्या करारात मला सगळ्यांत जास्त बोलणी खावी लागली. कंपनीने बारा हजार देऊ केले होते, पण त्या वाढीचे पहिल्या वर्षी पन्नास टक्के, दुसऱ्या वर्षी आणखी पंचवीस, तिसऱ्या वर्षी आणखी पंचवीस. आम्ही सत्तर, पंधरा, पंधरा मागत होतो. घासाघीस होऊन दुसरा पर्याय समोर आला: साडेअकरा हजार, पण सत्तर-पंधरा-पंधरा, आणि त्यातले सहा हजार बेसिकमध्ये. मी साडेअकराच्या बाजूने उभी राहिले. छत्तीस महिन्यांत हातात किती येणार, ते मी फळ्यावर मांडलं. बारा हजार पन्नास-पंचवीस-पंचवीसने घेतले तर तीन लाख चोवीस हजार. साडेअकरा सत्तर-पंधरा-पंधराने घेतले तर तीन लाख एक्कावन्न हजार नऊशे. सत्तावीस हजार नऊशे रुपयांचा फरक, कमी आकड्याच्या बाजूने.

द्वारसभेत मी हे सांगत असताना मागून एक जण ओरडला, "शेजारच्या कंपनीत बारा झालेत! ताई, आम्ही बाहेर तोंड काय दाखवायचं?" हशा पिकला. एक दुसरा, हुशार मुलगा, मेंटेनन्सचा, म्हणाला, "पण तीन वर्षांनंतर आपला पगार कायमचा पाचशेने मागे राहणार, त्याचं काय?" त्याचा मुद्दा बरोबर होता आणि मी तो मान्य केला. सत्तावीस हजार नऊशे भागिले पाचशे, म्हणजे करार संपल्यावर छप्पन महिन्यांनी तो फायदा फिटतो, आणि मधल्या काळात पुढचा करार येतो तिथे ते पाचशे भरून काढावे लागतील. मी ते फळ्यावर लिहिलं. लपवलं असतं तर कदाचित दहा मतं जास्त पडली असती, पण पुढच्या वेळी कुणी फळ्याकडे बघितलं नसतं. बेसिकचे सहा हजार आणि माईंचा कागद यावर मी अर्धा तास बोलले. मतदान झालं. एकशे एकसष्ट बाजूने, एकोणीस विरोधात. मेंटेनन्सच्या त्या मुलाने विरोधात मत दिलं आणि मला येऊन सांगितलं. यंदा तो कमिटीत आहे, मीच त्याचं नाव सुचवलं. त्या पाचशेचा मुद्दा मागणीपत्रात पहिल्या क्रमांकावर आहे, त्याच्या अक्षरात.

आता चौथा करार. मुदत ३१ मार्चला संपतेय. मागणीपत्रात सत्तावीस मागण्या आहेत. त्यातली एकविसावी कंत्राटी मुलींची. आमच्या लाइनवर आता दर तीन जणींमागे एक कंत्राटी आहे. तोच फिक्स्चर, तोच स्क्रू, त्याच पाटीवर ट्रेची वेळ लिहितात, आणि चारशे पंचेचाळीसमध्ये त्यांचेही पीस असतात. पण ट्रेचं कलम सोडलं तर करारातलं काहीच त्यांना नाही. कॅन्टीनला त्यांना ताटाचे जास्त पैसे, बसमध्ये जागा उरली तर बसायचं. त्यांचं मत आमच्या मतदानात नाही. कमिटीतले काही जण म्हणतात, आधी आपलं बघू. मला ते पटत नाही, आणि मी हे भांडून एकविसाव्या क्रमांकावर आणलंय. पगाराचं लगेच मिळणार नाही हे मला दिसतंय. म्हणून सुरुवातीला कॅन्टीन आणि बस, दोन्ही समान. मसुदा मी लिहिला: "कंत्राटी कामगारांना कायम कामगारांप्रमाणेच कॅन्टीनचा दर व बसची सोय शक्यतो लागू राहील." हो, तो शब्द मी स्वतः घातला. अगदीच सोपं दिसलं तर पहिल्या बैठकीत फेकून देणार नाहीत, असा माझा विचार होता.

परवा सकाळी बसमध्ये माझ्या शेजारी आमच्या लाइनवरची एक कंत्राटी मुलगी बसली. चोवीस-पंचवीसची असेल, आळंदीच्या बाजूला भाड्याने राहते. तिला कुठून तरी कळलं होतं. म्हणाली, "ताई, त्यात आमचं काय लिहिलंय, वाचायला मिळेल?" मी पिशवीतून कागद काढून दिला. बस मॅगझिन चौकाच्या सिग्नलला थांबली होती. तिने बोट ठेवून ते कलम वाचलं, दोनदा वाचलं, आणि माझ्याकडे कागद परत करताना विचारलं, "ताई, हे शक्यतो कशाला?"

मी उत्तर शोधत राहिले. मग पेन काढलं, कागद मांडीवर धरला आणि बस हलायच्या आत तो शब्द खोडला.